बाबांनी काढले

आमच्या इमारतीतल्या बायकांनी बचत गट काढला, तेव्हा पहिल्याच बैठकीला त्यांनी मला बोलायला बसवलं. टायपिस्टची नोकरी करून दोन मुलं वाढवली, स्वतःच्या पैशाने घर घेतलं, कधी कुणापुढे हात पसरला नाही, अशी माझी ओळख करून दिली. मी त्यांना अकराव्या वर्षी परळच्या पोस्टात काढलेल्या बचतीच्या पुस्तकाची गोष्ट सांगितली. कधी आठ आणे, कधी रुपया असं टाकत टाकत त्यातूनच पुढे टायपिंगच्या क्लासची फी कशी भरली, तेही सांगितलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. एका मुलीने माझं बोलणं मोबाइलवर रेकॉर्डही केलं. घरी आले, जेवण तसंच झाकून ठेवलं आणि वही घेऊन बसले. ही गोष्ट मी आजवर जितक्यांदा सांगितली तितक्यांदा अर्ध्यावर थांबवली आहे. उरलेली अर्धी आता लिहून ठेवते. ज्यांनी ती ऐकायला हवी होती त्यातलं कुणीच आता नाही, म्हणून हे धाडस होतंय, हेही कबूल केलेलं बरं.

आम्ही भोईवाड्यात दुसऱ्या मजल्यावर राहायचो. खोली एक, घरची माणसं तीन आणि दिवसातून दोनदा पंगतीला बसणारे सहा गिरणी कामगार. आईची खाणावळ होती. पहाटे स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज यायचा, मागोमाग परातीत भाकऱ्या थापल्याचा, आणि पाचव्या-सहाव्या भाकरीला मी उठून बसायचे. सकाळच्या पाळीवाल्यांना भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी, दुपारी भात आणि तिरफळं घालून केलेलं बांगड्याचं तिखलं, सोमवारी मासळी नाही म्हणून कुळथाची पिठी. सहा माणसं भिंतीला पाठ लावून, एकमेकांच्या गुडघ्याला गुडघे टेकवून बसायची आणि मधल्या हातभर वाटेतून मी पाण्याचा तांब्या घेऊन फिरायचे. सगळे आमच्याच बाजूचे, मालवणच्या आसपासच्या गावांतले, बायकामुलं गावाला ठेवून आलेले. आईला पंगतीतून सवड नसायची, म्हणून रविवारी माझ्या केसांना तेल लावून वेण्या घालायचं काम बाबांचं. गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, तुटलेले धागे जोडून त्यांच्या बोटांना अशी काही सवय झालेली होती की त्यांनी घातलेली वेणी दोन दिवस सुटायची नाही. ते मोठ्याने बोलायचे नाहीत. मला त्यांनी मारलेलं तर सोडाच, माझ्यावर हात उगारलेला मला आठवत नाही. हे मी मुद्दाम इथे लिहून ठेवते.

त्या सहांतले तातूकाका म्हणजे बाबांचे जिवाभावाचे. दोघं एकाच गावचे, एकाच वर्षी मुंबईला आलेले, गिरणीत शेजारशेजारच्या साच्यांवर उभे राहणारे. माझ्या जन्माच्या आधीपासून ते आमच्याकडे जेवायचे. ठेंगणे, काळेसावळे, कानांवर केस. पगाराच्या दिवशी बाकीचे लोक आधी भजी आणायचे, तातूकाका आधी पोस्टात जायचे. "आदी हय बाजूक काढूचा, मगे बाकीचो संसार," असं म्हणायचे. मी अकरा वर्षांची झाले तेव्हा एका शनिवारी त्यांनी माझा हात धरून मला पोस्टात नेलं, फॉर्म भरून घेतला, स्वतःच्या खिशातले पहिले पाच रुपये भरले आणि खाली मला सही करायला लावली. मी शाईने मोठ्या अक्षरांत 'शालिनी' लिहिलं. खिडकीतल्या कारकुनाने सही पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि शिक्का मारला. बाहेर आल्यावर नवं पुस्तक माझ्या हातात ठेवून तातूकाका म्हणाले, "आता ह्या तुझा. बापाशीकय विचारूचा नाय, माकाय विचारूचा नाय."

तेव्हापासून दर शनिवारी शाळा सुटली की मी पोस्टात. वाण्याच्या कागदी पिशव्या चिकटवून, पुढे साड्यांना फॉल लावून मिळतील ते पैसे. तातूकाका जेवताना विचारायचे, "काय गो शालू, आज किती टाकलंस?" आणि मी आकडा सांगितला की भाताचा घास हातात धरून मान डोलवायचे. मला ते फार आवडायचं. पण खरं सांगायचं तर, सवय लागली तशी ती माझ्यात वेगळीकडेही पसरत गेली. शाळेतल्या मुली सुट्टीत भेळ खायला निघाल्या की माझं पोट दुखायचं. वर्गातल्या एकीचं लग्न ठरलं, सगळ्यांनी मिळून स्टीलचा डबा द्यायचं ठरवलं, तेव्हा मी वर्गणीच्या दिवशी शाळेतच गेले नाही. पैसे न देण्यासाठी जी कारणं लागतात ती माझ्या तोंडून आपोआप बाहेर पडायला लागली. प्रत्येक वेळी पुस्तकातला आकडा वाढलेला असायचा, त्यामुळे आपलं काही चुकतंय असं मला वाटलं नाही. आजही कुणी पैसे मागितले की मी देते, हात आखडत नाही. पण माझ्या तोंडाशी सगळ्यात आधी येते ती थापच. ती गिळून मग मी पर्स उघडते.

मी शाळा संपवली त्या सुमारास गिरण्या बंद पडल्या. आज उघडतील, उद्या उघडतील, असं म्हणत महिने गेले. सहांच्या पंगतीचे तीन झाले. आमटीत डाळ कमी आणि पाणी जास्त व्हायला लागलं. बाबा सकाळी उठून शिवडीला गोदामात पोती उचलायला जायचे, काम मिळालं तर संध्याकाळी यायचे, नाही मिळालं तर दुपारीच येऊन भिंतीकडे तोंड करून पडायचे. आईने पाटल्या मोडल्या. तिच्या मोकळ्या मनगटांकडे मी दोन दिवस पाहत होते आणि माझं पुस्तक ट्रंकेत तळाशी होतं. तिने मागितले नाहीत, मी दिले नाहीत. मला टायपिंगच्या क्लासला जायचं होतं, पुढच्या महिन्यात फी भरायची होती. टायपिंग शिकले की नोकरी लागेल, नोकरी लागली की घराला हातभारच लागेल, हा माझा हिशोब होता आणि तो चूकही नव्हता. तातूकाकांकडे आईला द्यायला पैसे नव्हते. आई म्हणायची, "भावोजी, तुमच्या ताटाचो हिशोब मी ठेवूक नाय." तरी ते संकोचाने दिवसातून एकदाच जेवायला यायला लागले. रात्री विचारलं तर म्हणायचे, जिथे राहायचे त्या गाळ्यावरच खाल्लं.

एका दुपारी आई रेशनच्या रांगेत गेली होती, बाबा शिवडीला. मी गॅलरीत बसून एका साडीला फॉल लावत होते. तातूकाका जिना चढून आले आणि कठड्याला टेकून उभे राहिले. हातात गावाहून आलेलं आंतर्देशीय पत्र होतं. 

"शालू, तुझी काकी पडली गो. बावडेर पाणी काढताना. मांडयेचा हाड मोडला."

"मग आता?"

"हय परळाक मोठ्या हॉस्पिटलात आणूक व्हयी. तेका निजवून आणूक गाडी व्हयी, सोबतीक माणूस व्हयो." त्यांनी पत्राची घडी घातली. "दोनशे रुपये आसले तर जमतला सगळा."

मी सुई खुपसत राहिले. ते काय म्हणणार ते मला कळलं होतं.

"तुझ्या पुस्तकात आसतीत. गिरण सुरू झाली की पयलो पगार तुझो. व्याजासकट देतलंय."

पुस्तकात तीनशे शहाऐंशी रुपये होते. 'देत नाही' असं तातूकाकांना म्हणणं मला शक्य नव्हतं. म्हणून मी म्हटलं, "पुस्तकात काही नाही, काका."

"नाय? गेल्या शनवारी तर तू..."

"बाबांनी काढले."

हे वाक्य मी ठरवून बोलले नाही. पण तोंडातून आल्यावर ते मला पटण्यासारखं वाटलं, हेही खरं. त्या दिवसांत घराघरांतून पुरुष भांडीकुंडी नेऊन विकत होते. तातूकाकांच्या चेहऱ्याकडे मी पाहिलं नाही. त्यांनी हळू आवाजात विचारलं, "तुझी सही घेतल्यान?"

"हो."

"कित्याक?"

"ते मला माहीत नाही. त्यांना विचारू नका, काका. मला मारतील."

तातूकाका कठड्यापासून दूर झाले. खाली वाकून त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात किती वेळ तिथे होता, मला सांगता येणार नाही. "मी खय बोलाचंय नाय," ते म्हणाले. "तू रडा नको." मी रडत नव्हते. मान खाली होती म्हणून त्यांना तसं वाटलं.

त्या संध्याकाळी बाबांना काम मिळालेलं होतं. येताना त्यांनी थोडे मासे आणले आणि तातूकाकांना बोलावून आणायला मला पाठवलं. तातूकाका आले, पण उंबऱ्याच्या आत आले नाहीत. "माका भूक नाय," म्हणाले. बाबा हसून म्हणाले, "अरे, तारल्यो आसत, बस." तातूकाकांनी बाबांकडे असं काही पाहिलं की बाबांचं हसू तिथेच विरलं. वीस वर्षं ज्याच्या शेजारी उभं राहून कापड विणलं त्या माणसाकडे कुणी तसं पाहू नये. ते निघून गेले. नंतरचे दिवस ते आलेच नाहीत. बाबांनी जिन्यात गाठून विचारलं, "काय झाला रे?" तर "काय नाय" एवढंच म्हणून बाजूने निघून गेले. मला दिलेला शब्द त्यांनी पाळला.

आठवड्याभराने मनगटावरचं घड्याळ विकून ते गावाला निघाले. बाबा घरात नसतील अशी वेळ बघून आले. आईच्या पाया पडले, जेवणाच्या पैशांपोटी थोडे पैसे तिच्या हातावर ठेवले. ती घेईना, तेव्हा डब्याखाली ठेवले. मी त्यांची वळकटी घेऊन जिन्यापर्यंत गेले. तिथे त्यांनी खिशातून पाच रुपयांची नोट काढली आणि माझ्या मुठीत कोंबली.

"पुन्हा सुरू कर गो. गेला ता गेला. ह्या खेपेक पुस्तक कोणाच्या नजरेक पडूक देव नको."

घड्याळाच्या पैशातून भाडं वजा जाता त्यांच्याकडे काय उरलं असेल, हे तेव्हा मला कळत होतं. दोन मजले उतरून ते खाली जाईपर्यंत वेळ होता. एक हाक पुरली असती. मी वरून त्यांच्या डोक्यावरची वळकटी गल्लीच्या तोंडापर्यंत जाताना पाहिली आणि घरात आले. शनिवारी ते पाच रुपये मी पोस्टात भरले.

बाबांना घरी आल्यावर तातू न भेटता गेल्याचं कळलं. मग डब्याखालचे पैसे त्यांना दिसले. "तू तेच्याकडे जेवणाचे पैशे मागितलंस?" त्यांनी आईला विचारलं. आईने देवाची शपथ घेतली. बाबांनी तिच्यावर विश्वास ठेवला नाही. दुसरं कारण त्यांना सापडतच नव्हतं, आणि ज्याला ते ठाऊक होतं ते माणूस कोपऱ्यात बसून फॉलचा दोरा दाताने तोडत होतं. त्या दिवसापासून आमच्या घरात एक नवीन गोष्ट सुरू झाली. काही बिनसलं, की शांत स्वभावाचे माझे बाबा आईला म्हणायचे, "तुझ्या तोंडापायी माझो तातू गेलो." आई सुरुवातीला भांडायची, मग रडायची, मग काहीच करेनाशी झाली.

मी क्लासची फी भरली, नोकरीला लागले. गिरणी उघडली नाहीच. बाबांना एका कारखान्यात रखवालदारीचं काम मिळालं. दोन वर्षांनी गावाहून आलेल्या एका माणसाने आमच्याकडे जेवता जेवता सांगितलं, की तातूच्या बायकोला काही मुंबईला आणता आलं नाही, गावच्याच वैदूने हाड बसवलं, ते तिरपं जुळलं, आता ती एका पायाने लंगडते. बाबांचा हात ताटातच राहिला. "माका एक शब्द कळवल्यान आसतो तर मी भीक मागून पैशे उभे केलंय आसतंय," ते म्हणाले. मी त्या पाहुण्याला भात वाढत होते. आणखी हवाय का, असं मी त्याला विचारलं.

माझं लग्न झालं, शिवडीला राहायला गेले. दर रविवारी मुलांना घेऊन भोईवाड्यात जायचे. बाबांची छाती कापसाच्या धुळीने भरून गेली होती, चार पावलं चालले तरी दम लागायचा. अशाच एका रविवारी कढीत मीठ जास्त झालं. बाबांनी ताट सरकवलं आणि ते जुनं वाक्य म्हटलं. आई काही न बोलता स्वतःचं ताट घेऊन गॅलरीत जाऊन बसली. साठीची बाई, पाठमोरी, एकटी, तो खारट भात कालवत होती. मला वाटतं, ती एक शब्द जरी उलटून बोलली असती तरी मी नेहमीप्रमाणे गप्प राहिले असते.

"बाबा," मी म्हटलं, "आईने पैसे मागितले नव्हते."

मग सगळं सांगितलं. सांगायला पाच मिनिटंही लागली नाहीत. बाबा भिंतीला टेकून ऐकत होते. 'मला मारतील' हे सांगितलं, तेव्हा त्यांनी डोळे मिटले. मी त्यांचे पाय धरले, ते त्यांनी सावकाश पोटाशी ओढून घेतले. गॅलरीतून आईने सगळं ऐकलं होतं. ती आत आली, ताट मोरीत ठेवलं, माझ्याकडे न बघता म्हणाली, "इतकी वर्सां मी ऐकून घेतलंय गो, शालू." आणि भांडी घासायला बसली. त्या दिवशी मला कुणी जा म्हटलं नाही, थांबही म्हटलं नाही.

पुढच्या रविवारी जावं की नाही, या विचारात मी दोनदा स्टॉपवरून परत फिरले. गेले तेव्हा बाबा अंथरुणात उठून बसले होते. पुढ्यात कोरं पोस्टकार्ड होतं. त्यांचा हात कापायचा, म्हणून त्यांनी पेन माझ्याकडे दिलं. "लिही," म्हणाले आणि सांगायला लागले. "प्रिय तातू यास. तेव्हा पोरीचे पैसे मी काढले होते. माझी मोठी चूक झाली. तिचे सगळे पैसे व्याजासह परत केले आहेत. आता राग सोड आणि एकदा येऊन भेट."

मी पेन खाली ठेवलं. "बाबा, असं नको. मी खरं काय ते लिहिते. मी स्वतः गावाला जाऊन सांगते."

त्यांना दम लागला होता, तो बसेपर्यंत ते थांबले. "माझ्याविषयी तेचा मत वायट आसाच. तेची तेका सवय झाली. तुझ्याविषयी आता म्हातारपणी नव्यान कित्याक करूक लावतंस? तुका तो लेक म्हणा होतो." मग म्हणाले, "लिही. माका तातू व्हयो."

मी लिहिलं. ऑफिसात रोज शेकडो ओळी टाइप करणारी मी, त्या पाच ओळी लिहायला मला अर्धा तास लागला. खाली सही बाबांनी केली.

महिन्याभराने तातूकाका आले. केस पांढरे झालेले, कमरेत वाकलेले. उंबऱ्यापाशी क्षणभर थांबले आणि आत आले. बाबांनी उठायचा प्रयत्न केला, त्यांना तातूकाकांनी खांद्याला धरून खाली बसवलं आणि शेजारी बसले.  मग बाबांनी काकीची चौकशी केली. "चलता, काठयेर," तातूकाका म्हणाले. गावात कोण कोण गेलं, कुणाची शेतं पडीक आहेत, असं बोलणं झालं. आईने चहा ठेवला होता. मी कप घेऊन पुढे झाले तेव्हा तातूकाकांनी माझं मनगट धरलं.

"शालू, बापाशीन दिल्यान मा गो तुझे पैशे?"

आई स्टोव्हपाशी थांबली. बाबा माझ्याकडे बघत होते. त्या नजरेत मला गप्प राहायला सांगणं होतं, की खरं बोलायची शेवटची मोकळीक होती, हे मला अजूनही ठरवता आलेलं नाही. ठरवायला मी थांबलेही नाही.

"हो काका," मी म्हटलं. "दिले. व्याजासकट."

"मगे झाला," तातूकाका म्हणाले. माझं मनगट सोडून त्यांनी तो हात बाबांच्या पाठीवर ठेवला. "माणूस चुकता रे. पोटाक नसला की चुकता. मी मनात धरून बसलंय, ह्या माझाय चुकलाच."

बाबांनी, खरोखरच चोरी केलेल्या माणसासारखी, मान खाली घातली. "व्हय रे तातू," ते म्हणाले.